ड्रिपरच्या वाटेतले पाणी

परभणीजवळच्या आमच्या शेतात बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे ठिबकचे ड्रिपर दर हंगामात चोंदतात. मागच्या उन्हाळ्यात वडिलांनी असाच एक ड्रिपर ब्लेडने चिरून माझ्या हातावर ठेवला. आत जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची, करवतीच्या दात्यांसारखी वळणे घेत गेलेली वाट होती आणि दात्यांच्या बेचक्यांत पांढरा थर घट्ट बसला होता. तो नेमका तिथेच का बसतो हे समजून घ्यायचे, तर त्या बेचक्यात पाणी किती संथ होते ते मोजायला हवे. पण एवढ्या जागेत कोणतेही मापक घातले तरी ते प्रवाहच अडवील. पाण्यात बारीक कण सोडून त्यांची लागोपाठ चित्रे घेणे, हाच मार्ग उरतो.

मोठ्या प्रवाहात लेसरचा पातळ पडदा सोडला की तेवढ्याच प्रतलातले कण उजळतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पडदा करून तो नेमका फोकसच्या पातळीत बसवणे फार जिकिरीचे असते. म्हणून १९९८ मध्ये सांतियागो, मेनहार्ट आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी सगळेच पाणी उजळले आणि खोली निवडण्याचे काम भिंगाच्या फोकसवर सोपवले. त्यांनी ३०० नॅनोमीटरचे चमकणारे पॉलिस्टायरीन कण वापरून ३० मायक्रोमीटरच्या अडथळ्याभोवतीचा प्रवाह मोजला. अशा कणांवर पडणारा प्रकाश एका रंगाचा आणि त्यांच्यातून निघणारा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे, फिल्टर लावला की काचेवरून परतणारा प्रकाश गाळला जातो.

आमच्याकडे असले कण कुठले! मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी पाण्यात दुधाचे दोन थेंब घातले, कारण दुधातल्या स्निग्धाचे गोलक काही मायक्रोमीटरचे असतात आणि ४० पट भिंगाखाली चांगले दिसतात. स्लाइडवर सेलोटेपच्या दोन पट्ट्या चिकटवून वर कव्हर स्लिप ठेवली, म्हणजे टेपच्या जाडीची, सुमारे ५० मायक्रोमीटर उंचीची वाहिनी तयार झाली. एका तोंडाशी थेंब सोडला, दुसऱ्या तोंडाला टिपकागद लावला आणि आयपीसवर मोबाईल बांधून सेकंदाला ३० चित्रे घेतली.

पहिल्याच चित्रफितीवर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, एकाच जागचे दोन गोलक सारखे का जाईनात?” एक गोलक १० चित्रांत ४० मायक्रोमीटर गेला होता, म्हणजे सेकंदाला १२०, त्याला जवळजवळ खेटून चाललेला दुसरा मात्र जेमतेम १५ मायक्रोमीटर सरकला होता. दुसऱ्याभोवती धूसर कडे दिसत होते, म्हणजे तो फोकसच्या पातळीत नव्हताच, काचेजवळ होता. काचेला टेकलेले पाणी थांबलेले असते आणि मधल्या पातळीतले सरासरीच्या दीडपट धावते. या पद्धतीतली खरी अडचण मला इथे जाणवली: कण दिसणे सोपे असते, पण तो किती खोलीवर आहे हे कळल्याशिवाय त्याच्या वेगाला फारसा अर्थ नसतो. त्यात मोठा पण धूसर कण लहान आणि स्पष्ट कणापेक्षा सहज नजरेत भरतो, हे आणखी फसवे.

दुसरी अडचण ब्राउनीय हालचालीची, म्हणजे पाण्याच्या रेणूंचे धक्के बसून कण सतत इकडेतिकडे हलतो त्याची. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सूत्राप्रमाणे एक मायक्रोमीटर व्यासाचा कण स्थिर पाण्यातही सेकंदाभरात कोणत्याही एका दिशेने सरासरी मायक्रोमीटरभर भरकटतो, आणि कण जितका लहान तितके हे भरकटणे जास्त. प्रवाहाने झालेले विस्थापन वेळेच्या प्रमाणात वाढते, भरकटणे मात्र वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून दोन चित्रांमधला अवधी वाढवला की चूक प्रमाणाने कमी होते. फार वाढवला तर कण चौकटीबाहेर जातो. प्रवाह स्थिर असेल तर आणखी एक चांगली युक्ती आहे. वेग काढताना एरवी चित्राचा छोटा चौकोन पुढच्या चित्रावर सरकवून तो कुठे सर्वांत चांगला जुळतो ते पाहतात. पण प्रत्येक जोडीचा वेग वेगळा काढून त्यांची सरासरी घेण्याऐवजी, शेकडो जोड्यांच्या जुळणीच्या नकाशांचीच (चौकोन कुठे सरकवल्यावर किती जुळतो ते दाखवणाऱ्या) आधी सरासरी घेतात आणि मग त्यातले शिखर शोधतात. भरकटण्यामुळे ते शिखर पसरते, पण त्याची जागा सहसा ढळत नाही.

ड्रिपरचे काळे प्लॅस्टिक मात्र प्रकाश आत जाऊ देत नाही. तीच दातेरी वाट पारदर्शक ॲक्रिलिकवर कोरून द्यायला गावातला एक नावाच्या पाट्या करणारा कारागीर तयार झाला आहे, आणि वडिलांनी त्याच्यासाठी दुसरा एक ड्रिपर चिरून ठेवला आहे.