चोन भाषा एकाच कुटुंबातल्या, हे कशावरून?

“बोलणारंच कोणी उरलं नाही, तर या भाषांचं नातं ठरवता कसं?” दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियातल्या चोन भाषांबद्दल हे नेहमी विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुख्य भूमीवर तेवेल्चे आणि तेउशेन, तिएर्रा देल फुएगो बेटावर सेल्कनाम आणि हाउश. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ रोबेर्तो लेमान-नीत्शे यांनी १९१३ मध्ये हा गट ‘चोन’ नावाने मांडला. तेवेल्चे बोलत वाढलेल्या शेवटच्या दोरा मान्चादो २०१९ मध्ये गेल्या. सेल्कनाम लोकांना तर १८८०च्या दशकापासून मेंढ्यांच्या कुरणांसाठी गोळ्या घातल्या गेल्या. ख्रिस्ती मिशनमध्ये नेलेल्यांना साथींनी गाठलं. तरी त्यांचे वंशज आहेत. चिलीने २०२३ मध्ये त्यांना कायद्याने मान्यताही दिली.

आता नातं ठरवण्याचं काम. सगळ्यात जास्त वेळ खातं ते स्पेलिंग. १५२० मध्ये सान हुलियानच्या किनाऱ्यावर दर्यावर्दी मॅगेलनबरोबरच्या पिगाफेत्ता या इटालियन प्रवाशाने तिथल्या लोकांचे शब्द टिपले ते इटालियन कानांनी. पुढच्यांनी स्पॅनिश, जर्मन, इंग्रजी वळणाने. तेवेल्चेत साधा ‘क’ वेगळा, पडजिभेपाशी उच्चारलेला वेगळा, आणि घसा क्षणभर बंद करून फटकन सोडलेला आणखी वेगळा. जुन्या याद्यांत हे भेद पुसट होतात. त्यामुळे आधी विसाव्या शतकातल्या ध्वनिमुद्रणांवरून तेवेल्चेचे ध्वनी पक्के करायचे, मगच त्या नोंदी वाचायच्या.

तुलनेला शब्द घ्यायचे ते अवयव, पाणी, आग, मी-तू असे. नुसतं साम्य पुरत नाही. एका भाषेतल्या ठरावीक ध्वनीच्या जागी दुसरीत ठरावीकच ध्वनी, असं अनेक शब्दांत दिसलं पाहिजे. मोठ्या संख्या तर धरूच नयेत: शेजारच्या मापुचे लोकांच्या मापुदुंगून भाषेतले शंभर आणि हजारसुद्धा अँडीजमधल्या क्वेचुआ-आयमारा भाषांच्या वळणाचे, उसने आहेत. आपले अण्णा-अक्का कन्नडशी जुळतात म्हणून मराठी द्राविडी ठरत नाही, तसंच हे.

या कसोटीवर सेल्कनाम-तेवेल्चे नातं टिकतं. उत्तरेकडची गुनुना याजिचही काही जण याच कुटुंबात घालतात. तिच्यातही घसा बंद करून सोडलेले ध्वनी आहेत खरे, पण असे ध्वनी शेजाराने पसरू शकतात, त्यामुळे तेवढ्यावर मी तिला आत घेणार नाही.

हाउशचं मात्र अवघड आहे. हाउश आणि सेल्कनाम यांच्यात सोयरीक होती आणि हाउशच्या नोंदी थोड्या. दोन्हीकडे सारखा शब्द दिसला, तर तो वारशाने आला की संसारातून, हे अनेकदा सांगता येत नाही.