दंडावरचा टॅटू, लेझर आणि सोलापूरचे ऊन

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या सोलापुरातील अनेक मुलांना एकच काळजी असते: दंडावरचा टॅटू लेझरने जाईल का, आणि भरतीच्या आधी जाईल का? सैन्याच्या नियमांनुसार सर्वसाधारण उमेदवाराला कायमस्वरूपी टॅटू केवळ कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या मागील बाजूस चालतो. त्यामुळे गड्ड्याच्या यात्रेत हौसेने दंडावर गोंदवून घेतलेले नाव पुढे अडचणीचे ठरते. माझ्या भाच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा मी या विषयावर जमेल तेवढे वाचले आणि त्याला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते. ती खालच्या थरात असते आणि शरीराच्या भक्षक पेशींनी तिचे कण गिळून धरून ठेवलेले असतात. एक पेशी मेली की सुटलेली शाई दुसरी पेशी गिळते, हे फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. लेझरचा झोत काही नॅनोसेकंदांपुरताच (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) पडतो आणि तेवढ्यात शाईचे कण फुटतात. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ सोडला तर आजूबाजूच्या त्वचेला फारशी इजा न होता नेमके रंगकणच तापवता येतात, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले होते. लेझर कण फोडण्यापुरता असतो. ते वाहून नेण्याचे काम शरीराची लसीका यंत्रणा, म्हणजे पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांचे जाळे, सावकाश करते. म्हणूनच दोन बैठकींमध्ये सहसा सहा ते आठ आठवडे थांबावे लागते, आणि पैसे जास्त दिल्याने हा काळ कमी होत नाही.

परिणामकारकतेबद्दल इटलीतील ३५२ जणांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार उपयोगी वाटला. त्यात दहा बैठकींनंतर सुमारे ४७ टक्के, तर पंधरा बैठकींनंतर सुमारे ७५ टक्के लोकांचा टॅटू यशस्वीरीत्या निघाला. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये यशाचे प्रमाण बरेच कमी होते. आठ आठवड्यांच्या अंतराने दहा बैठकी म्हणजे जवळपास दीड वर्ष. हौशी हाताने काढलेला साधा काळा टॅटू तुलनेने लवकर फिका होतो. हिरवा, निळा आणि पिवळा रंग चिवट असतात. त्यामुळे भरतीची जाहिरात निघाल्यावर लेझरसाठी धावणाऱ्या मुलांना ‘दोन बैठकींत साफ’ असे आश्वासन देणे मला अन्यायाचे वाटते.

सुरक्षिततेच्या बाबतीत आपल्या सावळ्या त्वचेचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्यही प्रकाश शोषते, आणि तरंगलांबी जितकी कमी तितके ते अधिक शोषते. म्हणून सावळ्या त्वचेवरील काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग नावाचा लेझर अधिक सुरक्षित मानला जातो. लाल शाईसाठी वापरल्या जाणाऱ्या ५३२ नॅनोमीटरला पांढरे किंवा काळे डाग पडण्याचा धोका वाढतो. यंत्र कोणते, तरंगलांबी किती आणि ते चालवणार कोण, हे विचारण्यात संकोच करू नये. नॅनोसेकंदाहूनही आखूड झोत सोडणारे पिकोसेकंद लेझर नवे असून काही रंगांवर ते अधिक प्रभावी ठरतात, पण चुकीच्या हातात तेही त्वचा भाजतात. केस काढण्याच्या आयपीएल (तीव्र प्रकाशझोताच्या) यंत्राने टॅटू काढून घेणे तर टाळलेच पाहिजे, कारण त्याचा झोत मिलिसेकंदांचा असतो आणि तेवढ्यात उष्णता सभोवतालच्या त्वचेत पसरते. पांढऱ्या किंवा त्वचेच्या रंगाच्या शाईतील टायटॅनियम आणि लोहाची संयुगे लेझरने एकाएकी काळी पडू शकतात, म्हणून आधी लहानशा जागेवर चाचणी घ्यावी. ज्यांच्या अंगावर व्रण जाड होऊन वाढतात, किंवा टॅटूच्या जागी आधीपासूनच खाज व सूज आहे, त्यांनी ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.

झोत पडताच जागा पांढरी होते आणि थोड्या वेळाने तो पांढरेपणा ओसरतो. नंतर फोडही येऊ शकतात. ते फोडू नयेत, आणि पू किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आमच्या डॉक्टरांनी भाच्याच्या बैठकी दिवाळीनंतर सुरू करायला सांगितल्या, कारण उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हात मैदानावर धावणाऱ्या मुलाची उपचार केलेली त्वचा काळवंडण्याची शक्यता अधिक असते. जखम भरेपर्यंत भाचा दंड पूर्ण बाहीच्या शर्टाने झाकून पहाटेच सराव करील, आणि या वर्षीची भरती सोडून पुढच्या भरतीला अर्ज करील, असे घरात ठरले आहे.