एल्व्हा : धरणांनंतरची नदी

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला ऑलिम्पिक पर्वतरांग आहे. तेथे उगम पावणारी एल्व्हा नदी उत्तरेकडे सुमारे ७२ किलोमीटर वाहून हुआन दे फूका सामुद्रधुनीला मिळते. एवढ्याशा नदीवर दोन धरणे उभी होती : मुखापासून आठेक किलोमीटरवर १९१३ मध्ये पूर्ण झालेले एल्व्हा धरण आणि त्याच्या वरच्या अंगाला, अरुंद घळीत, १९२७ मध्ये झालेले ६४ मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण. आज ती दोन्ही नाहीत. ती गेल्यानंतर नदी कशी वागते आहे, हे पाहण्यासाठी मी उन्हाळ्याच्या अखेरीस या खोऱ्यात गेलो.

मॅडिसन धबधब्याजवळ मोटारी थांबवाव्या लागतात, कारण पुढचा रस्ता नदीने खचवला आहे. वरून येणारी वाळू, रेव आणि उन्मळलेली झाडे धरणांत अडून राहत असताना खालचे पात्र बरेचसे एका जागी स्थिरावले होते; त्याच्या काठाने रस्ता गेला आणि तंबूंचे तळ वसले. अडलेला गाळ सुटताच नदी पुन्हा पात्र बदलू लागली आणि पुरांत रस्ताही गेला, तळही गेले. आता जंगलातील पायवाटेने वळसा घालून तुटलेला भाग ओलांडावा लागतो. या गैरसोयीची कुरकूर वाटेत कानावर आली; मला ती पटली नाही. नदी इकडेतिकडे सरकते तेव्हाच बाजूला उथळ, संथ फाटे तयार होतात आणि पुराच्या लोंढ्यात माशांची पिल्ले तेथेच तग धरतात. पात्र बदलण्याची ही मोकळीक नाकारून केवळ भिंत पाडली असती, तर काम अर्धेच झाले असते.

सुमारे पाच किलोमीटर चालल्यावर ग्लाइन्स कॅन्यनचा सांडवा येतो. धरणाचे दोन्ही बाजूंचे काँक्रीटचे अवशेष मुद्दाम राखले आहेत आणि त्यांवर उभे राहून मधल्या रिकाम्या घळीतून धावणारे पाणी पाहता येते. वरच्या बाजूला, जेथे एकेकाळी जलाशय होता, तेथे गाळाच्या पायऱ्या-पायऱ्यांची रुंद दरी पसरली आहे. या दोन जलाशयांत मिळून दोन कोटी घनमीटरांहून अधिक गाळ साठला होता. तो एकदम सोडणे माशांना घातक ठरले असते, म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झालेले पाडकाम टप्प्याटप्प्याने झाले. समुद्रातले मासे अंडी घालायला नदीत चढण्याच्या काळात ते थांबवले जाई. वरच्या धरणाचा शेवटचा भाग निघायला ऑगस्ट २०१४ उजाडला. उघड्या पडलेल्या गाळावर स्थानिक झाडाझुडपांचे बी पेरले गेले आणि रोपे लावली गेली. त्यांतील ल्युपिन ही शेंगावर्गीय वनस्पती नापीक वाळूत नत्र साठवते. आता तेथे विलो आणि अल्डरची दाट झुडपे आहेत.

ज्या वेळी पहिले धरण बांधले गेले, त्या वेळीही माशांना वाट ठेवणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक होते. ती ठेवली गेली नाही. तिच्या बदल्यात मत्स्यबीज केंद्र मान्य झाले आणि तेही १९२२ मध्ये बंद पडले. सामन माशांना शेवटचे आठेक किलोमीटर तेवढे उरले, आणि तेही नापीक. सामनची मादी शेपटीने रेवेत खळगा करून अंडी घालते. अंड्यांना रेवेच्या फटींतून झिरपणारे थंड, प्राणवायूयुक्त पाणी लागते. धरणाखाली नवी रेव येत नव्हती, होती ती वाहून गेली आणि मादीला हलवता न येणारे मोठे गोटे तेवढे मागे राहिले. यातील सर्वांत मोठी हानी लोअर एल्व्हा क्लॅलम या आदिवासी समाजाची झाली. मासेमारीचा हक्क त्यांना १८५५ च्या तहाने मिळालेला होता आणि त्यांचे सृष्टीच्या उत्पत्तीचे पवित्र स्थळही जलाशयाखाली गेले होते. धरणे काढावीत म्हणून या समाजाने दीर्घ लढा दिला, १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने त्यासाठी कायदा केला, आणि खालच्या पात्रात लाकडी ओंडक्यांचे बांधीव ढीग रचण्याचे कामही याच समाजाने पुढाकार घेऊन केले. अशा ढिगाला आपटून पाणी खोल डोह कोरते, त्याच्या आडोशाला रेव साठते आणि माशांना सावली मिळते.

मुखाशी गेल्यावर फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. पूर्वी जेथे लाटांनी झिजलेला गोट्यांचा किनारा होता, तेथे नदीने आणलेल्या वाळूची पुळण आणि नवी खाजणे तयार झाली आहेत. चिनूक आणि कोहो सामन जुन्या धरणांच्या वर पोहोचले आहेत, जरी ग्लाइन्सच्या घळीत अडकलेले प्रचंड खडक त्यासाठी सुरुंगाने फोडावे लागले. मला सर्वांत विलक्षण वाटली ती स्टीलहेडची, म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या रेनबो ट्राउटची, गोष्ट : धरणांच्या वर पिढ्यानपिढ्या कोंडल्या गेलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशजांनी समुद्राची वाट पुन्हा धरली आणि उन्हाळ्यात नदी चढणारे स्टीलहेड परत दिसू लागले.

चिनूक मात्र अजून मोठ्या प्रमाणावर मत्स्यबीज केंद्रातच जन्मलेले असतात, त्यामुळे नदी पूर्ण सावरली असे मी म्हणणार नाही. पाडकामाच्या सुरुवातीपासून बंद असलेली मासेमारी २०२३ मध्ये मर्यादित प्रमाणात खुली झाली ती फक्त कोहोसाठी आणि फक्त क्लॅलम समाजासाठी. पहिला हक्क त्यांचाच होता.