आमची वाटचाल : गौहरबाईंना वगळून नाही

मिरजेत लग्नांच्या शूटिंगपासून सुरुवात केली. पुढे साखर कारखान्यांचे माहितीपट, पतसंस्थांच्या जाहिराती. त्यातून गाठीला लागलेल्या पैशांवर बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यावर चित्रपट करायचं ठरवलं आणि पहिल्याच बैठकीत अडलो.

पैसे घालायला तयार झालेले गृहस्थ म्हणाले, "भरजरी शालू दाखवा, 'स्वयंवर' दाखवा. गौहरबाईंचं कशाला उकरून काढता?" दुसऱ्यांना गौहरबाई हव्या होत्या, पण घर मोडणारी बाई म्हणून. दोघांनाही नाही म्हटलं. त्या रात्री बायकोनं एवढंच विचारलं, "मग पैसे कुठून आणणार?"

गायिका-अभिनेत्री गौहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या गाण्यावर जीव टाकत त्यांच्या कंपनीत आल्या. ज्या स्त्रीभूमिकांनी बालगंधर्वांचं नाव झालं, त्या पुढे बाई करू लागल्या. कर्ज, आजारपण, लोकांचे टोमणे, सगळ्यात त्या सोबत होत्या. 1964 मध्ये त्या गेल्या आणि तीन वर्षांनी बालगंधर्व. त्यांना वगळून हे म्हातारपण सांगायचं कसं? बालगंधर्वांच्या पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या वाट्याला आलेलं दुःखही तितकंच खरं आहे. तेही पटकथेत आहे, कुणाची बाजू न घेता.

वकिलांनी बजावलं की माणूस हयात नसला तरी नातेवाइकांच्या भावना दुखावणारी बदनामी गुन्हा ठरू शकते. म्हणून प्रत्येक प्रसंगासमोर आधार लिहिला. आधार सापडला नाही ते प्रसंग काढले. त्यातला एक मला फार प्रिय होता.

सरकारी अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. तोवरचा खर्च आपलाच. ऑफिसचा गाळा तारण ठेवला. 'स्वयंवर' आणि 'मानापमान' लिहिणारे नाटककार खाडिलकर 1948 मध्ये गेले, साठ वर्षं उलटली, त्यामुळे त्यांच्या पदांचे हक्क विकत घ्यावे लागले नाहीत. पण ऑर्गन, सारंगी आणि तबल्यासह ती नव्यानं रेकॉर्ड करणं महागच. तंबोरे मात्र आमच्या गावच्या कारागिरांनी एक पैसा न घेता दिले.

टिळक स्वराज्य फंडासाठी 1921 मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन गायक-नटांच्या कंपन्यांनी मिळून केलेल्या 'संयुक्त मानापमान'ची गर्दी उभी करणं आम्हाला परवडणारं नव्हतं. तो प्रयोग आता विंगेतून दिसतो : रंगपटातला आरसा, नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, आणि केशवराव, आणि पडद्यापलीकडून येणारा 'वन्स मोअर'. पैसे असते तरी मी आता तो असाच घेतला असता.

निम्मं चित्रीकरण झालंय. गौहरबाईंच्या शेवटच्या दिवसांचे प्रसंग पावसाळ्यानंतर घेऊ.