१-८ आणि ०-११

डब्लिनमध्ये राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी वर्तमानपत्रात ‘१-८, ०-११ : बरोबरी’ असे वाचले आणि छपाईची चूक समजून मी पान उलटले. चूक माझीच होती. गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या देशी खेळात आडव्या दांडीखालून गेलेला चेंडू म्हणजे गोल आणि तिच्यावरून, दोन खांबांच्या मधून गेलेला म्हणजे पॉइंट. पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा; एका गोलाचे तीन पॉइंट धरले की दोन्हीकडे अकराच होतात. हा तीनचा भाव १८९६ साली ठरला. त्याआधी चार वर्षे तो पाच होता, आणि त्याही आधी एकच गोल प्रतिपक्षाच्या कितीही पॉइंटांना भारी पडत असे. (मला विचाराल तर तोच हिशेब खरा.)

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपेररीतल्या थर्ल्स गावी, एका हॉटेलात, मायकेल क्यूसॅक आणि मॉरिस डॅव्हिन यांनी आपल्या मोजक्या सहकाऱ्यांसह गेलिक खेळांची संघटना स्थापन केली आणि पुढच्या वर्षी फुटबॉलचे नियम लिहिले गेले. एका बाजूला एकवीस गडी असत. मागून ढकलणे, मागून धरणे आणि डोक्याने धडक देणे निषिद्ध होते. समोरून धरण्याबद्दल नियमकर्ते गप्प राहिले, आणि त्या मौनाचा अर्थ गावोगावच्या तगड्या शेतकऱ्यांनी कसा लावला असेल, हे सांगायला नको.

संघ असे पॅरिशचा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वाड्यावस्त्यांचा. शेतमजुराला सुट्टी रविवारचीच, म्हणून सामनाही रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, कोणाच्या तरी कुरणात. भिजलेला कातडी चेंडू असा जड होई की झेलताना बोटे वळत, असे आमच्या शेजारी राहणारे मेयोकडचे वृद्ध गृहस्थ सांगतात. पावसाळी उन्हाळ्यात मधेच एखादा कोरडा रविवार उगवला, की धर्मगुरू वेदीवरूनच, रविवारी एरवी काम वर्ज्य असले तरी, वाळले गवत गोळा करायची मुभा जाहीर करीत, आणि मग गडी जमवताना कप्तानाच्या नाकी नऊ येत.

साठ वर्षांपूर्वीच्या अशाच एका सामन्याचा निकाल मी शेजारच्या त्या वृद्ध गृहस्थांना विचारला. “दोन-चार,” ते म्हणाले. म्हणजे दहा, असे मी चटकन बेरीज करून म्हटले, तर त्यांनी मान हलवली, उजवा तळहात उघडून जरा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि त्या दोनपैकी दुसरा गोल कसा झाला, ते पहिल्यापासून सांगायला घेतले.