बाराटांगचा 'ज्वालामुखी': कोणी जावं आणि कोणी अजिबात जाऊ नये

अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) एजंटने जे ब्रोशर हातात ठेवलं त्यावर लालभडक लाव्ह्याचा फोटो आणि खाली 'व्होल्कॅनो टूर'. बाराटांग बेटावर लाव्हा नाही, बाराटांगला जे आहे त्याला मड व्होल्कॅनो म्हणतात आणि तो थंड चिखल आहे. खरा ज्वालामुखी बॅरन बेटावर, पोर्ट ब्लेअरपासून सव्वाशे किलोमीटरहून जास्त ईशान्येकडे समुद्रात, तिथे उतरू देत नाहीत. तेव्हा लाव्ह्याच्या आशेने जाणार असाल तर झोप काढा, पैसे वाचवा.

आणि झोप खरंच जाते हो. पहिल्या कॉन्व्हॉयसाठी, म्हणजे बंदोबस्तात एकत्र सोडतात त्या गाड्यांच्या ताफ्यासाठी, मध्यरात्रीनंतर निघायचं, जिरकाटांगच्या चेकपोस्टवर गाड्यांच्या रांगेत तासन् तास बसायचं, चहा, परत बसायचं, बाथरूमची अवस्था विचारू नका. गेट उघडलं की मिडल स्ट्रेटच्या जेट्टीपर्यंत सुमारे 50 किलोमीटर जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून, गाड्या एकामागे एक, थांबायचं नाही, फोटो नाही, ओव्हरटेक नाही. हा नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 'जारवा दाखवतो, थोडे वरचे द्या' असं कानात सांगणाऱ्या ड्रायव्हरची. असं कोणी म्हटलं तर गाडीच बदला, आदिवासी संरक्षणाच्या 1956 च्या रेग्युलेशनखाली तो सरळ गुन्हा आहे आणि माणसं म्हणजे काही प्राणिसंग्रहालय नाही. आमच्याकडून वर 'कॉन्व्हॉय चार्ज' म्हणून वेगळे पैसे काढले, जे पॅकेजमध्ये आधीच धरलेले होते. मग बाराटांगला उतरल्यावर कळलं की पॅकेजमध्ये फक्त चुनखडीच्या गुहा आहेत, मड व्होल्कॅनोची जीप वेगळी, आणि त्या जीपवाल्याने आमचे झोपाळलेले चेहरे बघून दुप्पट सांगितले. काय काय धरलंय ते आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या, तोंडी 'सब इन्क्लूडेड' ला काडीची किंमत नाही.

आता मड व्होल्कॅनो. जीपमधून उतरून थोडं चढायचं, वर कुंपण, कुंपणाच्या आत राखाडी चिखलाचं डबकं. लोक येतात, 'बस, एवढंच?' म्हणतात, सेल्फी काढतात, जातात. मी तिथेच बसून राहिलो, कारण परतीच्या गाडीला वेळ होता आणि चालायची ताकद नव्हती. चिखलाचा पृष्ठभाग मधेच हळूच फुगतो, ताणून चकचकीत होतो, फुटतो आणि एक पातळ कडं पसरत जातं, मग बराच वेळ काही नाही. कडेच्या वाळलेल्या चिखलाला भेगा, आणि त्या भेगांत नखाएवढे धारदार दगडाचे तुकडे. ते तुकडे बघा, खरी गोष्ट तीच आहे, ते खालून वर आलेत.

अंदमानच्या पश्चिमेला समुद्रात खोल खंदक आहे, तिथे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, भारतीय प्लेट, दुसऱ्या तुकड्याच्या, बर्मा प्लेटच्या, खाली जाते, तिरकी, वर्षाला काही सेंटिमीटर. जाताना तिच्या पाठीवरचा गाळ सगळा खाली जात नाही, तव्यावरचं खरवडताना उलथन्याच्या तोंडाशी गोळा होतं तसा पुढे साचतो, चकत्या होऊन एकमेकींवर चढतो, नवीन चकती जुनीच्या खाली घुसते आणि जुनी वर उचलली जाते. याला अक्रीशनरी प्रिझम म्हणतात आणि तुम्ही अंदमानात ज्या जमिनीवर उभे असता ती म्हणजे या ढिगाचा पाण्याबाहेर आलेला माथा. आतला गाळ पाण्याने भिजलेला, वरून दाब इतका पटकन वाढतो की पाण्याला निघायला वाट मिळत नाही, मातीची खनिजं बदलताना आणखी पाणी सोडतात, त्यात मिथेन, मग फट सापडेल तिथून चिखल वर. त्यात वितळलेलं काही नसतं म्हणून तो थंड. बॅरनचं वेगळं, तिथे खाली गेलेली प्लेट पार शंभरेक किलोमीटर खोलीवर पाणी सोडते, त्याने मँटल, म्हणजे कवचाखालचा खडक, वितळतो. पोस्टरवाल्याने दोन्ही एकच करून टाकलेत! 2004 च्या 26 डिसेंबरच्या भूकंपानंतर बाराटांगचा चिखल जोरात उसळला होता, तेव्हा डबकं म्हणून हसण्यावारीही नेऊ नका.

पण खरं सांगू का, एवढा त्रास न करता हीच गोष्ट पोर्ट ब्लेअरलाच दिसते. कॉर्बिन्स कोव्हला ओहोटीच्या वेळी बीचच्या टोकाला खडकांकडे जा. वाळूचा दगड, शेल (बारीक चिखलाचा दगड), परत वाळूचा दगड, थर तिरके झालेत. अंदमान फ्लिश म्हणतात याला, साधारण 3 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गढूळ लोंढे येऊन बसले त्याचे थर, एकूण जाडी सुमारे 3 किलोमीटर. एका थरावर खालून वर बोट फिरवा, खाली खरखरीत, वर मऊ होत जातं, जड कण आधी बसले म्हणून. बोट उलटं सांगत असेल तर थर उलटा झालाय. मला बोट फिरवताना जो आनंद झाला तो बाराटांगच्या अख्ख्या दिवसात नाही झाला. हा गाळ हिमालयाचा किती आणि म्यानमारकडचा किती यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघूनच जा, शेवाळावर स्लिपर घालून जाऊ नका, मगरींच्या पाट्या शोभेला लावलेल्या नसतात. अंदमानात साडेपाचला अंधार पडायला लागतो, तेव्हा दुपारचं जेवण लांबवू नका. चिडियाटापूला लोक सूर्यास्तासाठी जातात, तुम्ही दोन तास आधी जा, तिथे समुद्रतळाच्या कवचाचेच काळपट-हिरवे दगड आहेत, याच ढिगात अडकून वर आलेले.

हॅवलॉक बेट (आता स्वराज द्वीप) छान आहे, त्यावर खूप लोकांनी लिहिलंय.

उत्तरेला डिगलीपूरपर्यंत जाणार असाल तर गोष्ट वेगळी, कारण मग बाराटांग वाटेतच आहे आणि ती रांग काही चुकत नाही. तिकडच्या पश्चिम किनाऱ्याला 2004 ला जमीन मीटरभर वर आली, प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले, तर पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटला उलट जमीन खचली आणि शेतात समुद्र शिरला. डिगलीपूरकडे श्यामनगरलाही मड व्होल्कॅनो आहेत, गर्दी कमी. रोख पैसे जवळ ठेवा, बाराटांगनंतर नेटवर्कचा भरवसा नाही, आणि परतीच्या शेवटच्या कॉन्व्हॉयची वेळ त्याच दिवशी सकाळी चेकपोस्टवर विचारा, ड्रायव्हरला नाही.