शिक्षण कुठल्या साली संपलं?

'हल्लीच्या पोरांमध्ये दम नाही' हे वाक्य जपानमध्ये आल्यापासून मी सगळ्या वयाच्या माणसांकडून ऐकलं आहे. सत्तरी ओलांडलेले लोक ते पन्नाशीतल्यांबद्दल बोलतात, पन्नाशीतले पंचविशीतल्यांबद्दल. आपल्याकडेही हे चालतंच. पण टोकियोत नोकरी करताना माझं एक मत पक्कं झालं आहे: दोन पिढ्यांच्या तरुणपणाची तुलना करायची असेल, तर स्वभावाचं नंतर बघू, आधी शिक्षण कुठल्या साली संपलं ते विचारा.

याला कारण इथली नोकरभरती. कंपन्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकगठ्ठा निवडतात आणि १ एप्रिलला सगळे एकदम रुजू होतात. आपलं कॅम्पस प्लेसमेंटच म्हणा, फक्त जवळजवळ अख्ख्या देशाचं एकाच वेळी. ती गाडी चुकली की माणूस 'नवा पदवीधर' राहत नाही आणि पुढे कायमस्वरूपी नोकरी मिळणं फार अवघड होतं.

आमच्या इमारतीत राहणाऱ्या एक आजी पंधराव्या वर्षी आकिताहून टोकियोला आल्या. १९५० आणि ६० च्या दशकांत ईशान्येकडच्या गावांतून माध्यमिक शाळा संपवलेल्या मुलामुलींना घेऊन खास रेल्वेगाड्या उएनो स्टेशनला यायच्या. कारखान्यांना आणि दुकानांना माणसं हवी होती, म्हणून या मुलांना 'सोन्याची अंडी' म्हणत. कष्ट मात्र अंडं फुटेल इतके. आजी कपड्यांच्या कारखान्यात लागल्या, एका खोलीत सहाजणी राहायच्या. त्यांना मी विचारलं, तुमची पिढी जास्त कष्टाळू होती का? त्या म्हणाल्या, "कष्ट केले, खरंय. पण नोकरी शोधायला आम्ही कुठे गेलो होतो? ती शाळेत आमच्याकडे चालत आली होती."

१९८० च्या दशकाच्या शेवटी पदवी घेतलेल्यांचं तर काय सांगावं! निवडलेली मुलं दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला जाऊ नयेत म्हणून कंपन्या त्यांना सहलीला नेत. १९८९ च्या डिसेंबरात जपानी शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९०० च्या वर पोचला. तो आकडा पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला.

पुढे बाजार कोसळला आणि मधली मुलं होरपळली. साधारण १९९३ ते २००५ या काळात शिक्षण संपवलेल्यांना इथे 'नोकरीच्या हिमयुगातली पिढी' म्हणतात. १९९१ मध्ये पदवीधरांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जण थेट नोकरीला लागले होते; २००३ मध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवर आलं. मुलं तीच, विद्यापीठं तीच, अभ्यासही तितकाच. कंपन्यांनी आपल्या जुन्या माणसांच्या नोकऱ्या सांभाळल्या आणि नव्यांसाठी दार लावून घेतलं. माझे एक सहकारी त्यातलेच. हाताने लिहिलेले अर्ज त्यांनी ढिगाने पाठवले, आणि शेवटी एका एजन्सीमार्फत कंत्राटी कामाला लागले. कायम व्हायला त्यांना चाळिशी गाठावी लागली. लग्न राहून गेलं. त्या वर्षांत वर्तमानपत्रं त्यांच्या पिढीला काय म्हणत होती? आळशी, बेजबाबदार, आईबापांच्या जिवावर जगणारी. मला याचा राग येतो. नोकरी नाकारायची आणि वर चारित्र्यावर बोट ठेवायचं!

२०१९ मध्ये ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका शहराच्या पालिकेने खास या पिढीसाठी ३ जागा काढल्या. अर्ज आले १,८०० हून जास्त. इतकी माणसं वीस वर्षं आळसात बसून होती असं कोण म्हणेल?

आता चित्र उलटं आहे. २०२४ च्या वसंतात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांपैकी ९८.१ टक्के जणांना ती मिळाली. याचं मूळ जन्मदरात आहे. १९४७ ते १९४९ मध्ये दरवर्षी २६ लाखांहून जास्त बाळं जन्मली, २०२४ मध्ये ७ लाखांहूनही कमी. तरुण कमी झाले, म्हणून त्यांची किंमत वाढली. आमच्या टीममधली चोविशीची मुलगी सहा वाजता लॅपटॉप बंद करते, बदलीला स्पष्ट नकार देते. तिच्या वयाचे काही जण तर राजीनामा द्यायलाही एजन्सी नेमतात. ज्येष्ठांना हा उद्धटपणा वाटतो. मला वाटतं, दुसरी नोकरी हाताशी असली की कुठल्याही काळातला तरुण असाच वागला असता. माझ्या त्या हिमयुगातल्या सहकाऱ्यांनाही सहा वाजता घरी जायचंच होतं की!

दुखतं ते निराळ्याच ठिकाणी. नव्यांचे सुरुवातीचे पगार झपाट्याने वाढताहेत, मधल्या फळीचे तसे वाढत नाहीत. हिमयुगातले वयाने सर्वांत मोठे पदवीधर २०३५ च्या सुमारास पासष्टीला पोचतील. ज्यांनी कंत्राटी कामांत फक्त राष्ट्रीय पेन्शनचे हप्ते भरले, त्यांना ते पूर्ण ४० वर्षं भरले असले तरी २०२५ च्या दराने महिन्याला सुमारे ६९ हजार येन मिळतात. टोकियोत त्यात भाडं भागवणंही कठीण. उरलेला भार करांतून उचलावा लागेल, आणि तो कर भरणाऱ्यांत आमची ती चोविशीची मुलगी असेल. परवा जेवताना हा विषय निघाला तेव्हा तिने त्या सहकाऱ्यांना सरळ विचारलं, "तुमच्या वेळी नक्की काय झालं होतं?" ते जेवणाची सुट्टी संपेपर्यंत सांगत होते. इतक्या वर्षांत ऑफिसात त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.